लॅटिन सोडण्याआधी

ॲबर्डीन, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

ग्लासगो विद्यापीठात तिसऱ्या वर्षाचे विषय कळवायची वेळ आली आहे आणि तू क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन साहित्य, सोडून नुसतं स्कॉटिश साहित्य घ्यायच्या विचारात आहेस, असं आईकडून कळलं. फोनवर मी "तुला पटेल ते कर" म्हणतो आणि फोन तिच्या हातात देतो. या वेळी तसं करायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझं मत असं की तू दोन्ही ठेवावंस. आणि लॅटिन भाषा मुळापासून शिकावीस. रोमन कवी व्हर्जिल इंग्रजीतून वाचला म्हणजे क्लासिक्स झालं, अशी स्वतःची समजूत घालू नकोस.

तुझी कारणं तीन: नोकरी मिळणार नाही, जोड ऑनर्स (दोन विषयांची मिळून एक पदवी) अर्धवट राहतं, आणि खासगी शाळांतली मुलं लॅटिन आधीच शिकून येतात. त्यांपैकी नोकरीचं आधी निकालात काढतो, कारण ते तू माझ्या नावावर खपवलं आहेस. २०१४च्या मध्यात तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते तिसाच्याही खाली आलं. तू तेव्हा शाळेत होतीस, पण घरातलं वातावरण तुला आठवत असेल. भरवशाच्या म्हणून घेतलेल्या पदव्यांची माणसं या शहरात घरी बसली होती. तेव्हा कुठली पदवी पोट भरेल हे मी कुणालाच छातीठोकपणे सांगत नाही. स्कॉटलंडात राहणाऱ्या मुलांची पहिल्या पदवीची फी सरकार भरतं, राहण्याखाण्याचं मी बघतो. विषय संपला. साताऱ्याची आत्या तर तू बीए न करताच थेट एमए करते आहेस म्हणून गावभर सांगत सुटली आहे. इथली चार वर्षांची पहिलीच पदवी एमए असते हे मी तिला समजावलेलं नाही. तूही समजावू नकोस.

आता "जोड ऑनर्स म्हणजे दोन्हीकडे अर्धवट" हे कारण. याच्याशी मला खरं भांडायचं आहे.

इथल्या बेनाखी डोंगरावर चढून गेलं की तू वरच्या दगडी कोटाच्या भिंतीवर बसून सँडविच खायचीस. त्या डोंगराजवळ डर्नोला रोमन सैन्याच्या प्रचंड छावणीच्या खुणा १९७०च्या दशकात विमानातून काढलेल्या फोटोंत दिसल्या. तेव्हापासून काही अभ्यासक म्हणतात की रोमन आणि इथले लोक यांच्यातली मॉन्स ग्रॉपियसची लढाई इथेच झाली. बाकीचे दुसऱ्या डोंगरांची नावं घेतात, वाद चालू आहे. ही लढाई आपल्याला कळते ती रोमन इतिहासकार टॅसिटसमुळे. तो म्हणतो, शत्रूचे दहा हजार पडले आणि रोमनांचे ३६०. सेनापती ॲग्रिकोला हा त्याचा सासरा, तेव्हा जावयानं दिलेल्या या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तूच ठरव. पण याच पुस्तकात तो कॅलगाकस नावाच्या कॅलेडोनियन (म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या) सरदाराच्या तोंडी रोमनांविरुद्ध असं भाषण घालतो की अंगावर काटा येतो. मुलूख ओसाड करतात आणि त्याला शांतता म्हणतात, हे त्यातलंच. या सरदाराचं नाव टॅसिटसखेरीज कुणीच घेतलेलं नाही. स्कॉटलंडच्या मातीवरचं पहिलं गाजलेलं भाषण लॅटिनमध्ये आहे आणि ते शत्रूच्या माणसानं लिहिलेलं आहे. अशा देशाचं साहित्य शिकताना लॅटिन बाजूला कसं ठेवणार?

मागच्या हिवाळ्यात ऑफशोअर, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, जाताना तू घरी टाकून गेलेलं स्कॉटिश कवी गॅव्हिन डग्लसच्या उताऱ्यांचं पुस्तक मी बरोबर नेलं होतं. व्हर्जिलचं महाकाव्य 'इनिड' त्यानं सगळंच्या सगळं स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत, आणलं. १५१३च्या जुलैत काम पुरं झालं, आणि सप्टेंबरात फ्लॉडनला इंग्रजांशी झालेल्या लढाईत स्कॉटलंडचा राजा आणि निम्मे सरदार कापले गेले. पूर्ण 'इनिड' तोवर या बेटावरच्या इंग्रजीतही आलेलं नव्हतं. कॅक्स्टननं छापलेलं एक 'इनिड' होतं, पण ते फ्रेंचवरून केलेलं. डग्लस म्हणतो की कॅक्स्टनच्या पुस्तकाचं आणि व्हर्जिलचं साम्य सैतान आणि संत ऑगस्टीन यांच्याइतकंच. वाद घालायची ही पद्धत मला फार आवडली. आपल्या बोलीबद्दल मात्र तो आधी दिलगिरी व्यक्त करतो. लॅटिनपुढे ती तोकडी पडते, म्हणून इकडून तिकडून शब्द उसने घेतले, असं सांगतो. आपल्या ज्ञानोबांनी अमृताशी पैज लावली होती, त्यामुळे त्याची ही दिलगिरी वाचून मी जरा हिरमुसलो.

पण त्याच्या सातव्या प्रस्तावनेतला हिवाळा वाच. बाहेर गारठा, चिखल, उघडे पडलेले डोंगर. हा माणूस खिडकी लावून घेतो, शेकोटीपाशी येतो, आणि घडवंचीवर व्हर्जिल उघडा पडलेला दिसतो तसा पुन्हा कामाला लागतो. व्हर्जिलच्या इटलीत हा हिवाळा नाही, तो डग्लसनं पदरचा घातला आहे. प्लॅटफॉर्मवर बाहेर काम बंद होतं, वारा सुटला होता. मी ते पान आमच्या पीटरहेडच्या क्रेन ऑपरेटरला वाचायला दिलं. निम्मं त्याला कळलं नाही आणि निम्मं त्याच्या आजीच्या तोंडचं निघालं. दोन दिवस तो ते शब्द मेसमध्ये सगळ्यांवर झाडत होता.

स्कॉटिश कवी ॲलन रॅमझीनं पुढे दोनशे वर्षांनी हेच केलं. रोमन कवी होरेसच्या बर्फानं झाकलेल्या सोराक्ट डोंगराच्या जागी एडिनबराजवळचा पेंटलंड आणून बसवला. हे तू वर्गात शिकली असशीलच, मी तुला शिकवत बसत नाही.

ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय तो माणूस म्हणजे जॉर्ज बुकॅनन. ग्लासगोपासून जवळ किलर्नला १५०६ मध्ये जन्मला. तिथे त्याच्या नावाचा उंच दगडी सुळका उभा आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला शिकवत होता तेव्हा पुढे निबंधकार म्हणून गाजलेला माँतेन त्याच्या हाताखाली शिकत होता, आणि शाळेत होणाऱ्या त्याच्या नाटकांत त्यानं कामंही केली. ग्रीक नाटककार युरिपिडीसची 'मीडिया' आणि 'अल्सेस्टिस' ही नाटकं बुकॅनननं ग्रीकमधून लॅटिनमध्ये नेली. पुढे पोर्तुगालात कोइंब्राला शिकवायला गेला, तर तिथल्या इन्क्विझिशननं (चर्चच्या धर्मन्यायालयानं) धरलं. शिक्षा म्हणून त्याला मठात ठेवलं होतं, तिथे बसून त्यानं बायबलातली स्तोत्रं लॅटिन वृत्तांत उतरवायला घेतली. ती युरोपभर वाचली गेली. परत आल्यावर स्कॉटलंडच्या राणी मेरीबरोबर रोमन इतिहासकार लिव्ही वाचला, नंतर तिच्याविरुद्ध लिहिलं, आणि तिच्याच मुलाचा, सहाव्या जेम्सचा, शिक्षक झाला. राजा प्रजेला जबाबदार असतो आणि जुलमी राजाला हटवता येतं, असं सांगणारं त्याचं पुस्तक १५७९चं. त्याच्या शिष्याच्या कारकिर्दीत पार्लमेंटनं त्यावर बंदी आणली, आणि शंभरेक वर्षांनी ऑक्सफर्डनं ते जाळलं.

एवढा मोठा लेखक, पण वाचणार कोण? क्लासिक्सवाल्यांच्या लेखी तो पंधराशे वर्षं उशिरा जन्मला. स्कॉटिश साहित्यवाल्यांच्या लेखी तो स्कॉट्समध्ये फारसं लिहीतच नाही. दोन विभागांच्या मधल्या जिन्यात उभा आहे बिचारा. त्याला हात धरून आत नेण्याची सोय फक्त दोन्ही विषय असलेल्या विद्यार्थ्याकडे असते. ज्याला तू अर्धवट म्हणते आहेस ते हेच.

आणि हे फक्त जुन्या लोकांपुरतं नाही. आजची स्कॉटिश नाटककार लिझ लॉकहेड हिचं 'मीडिया' तूच मला वाचायला लावलंस. २००० साली ते ग्लासगोत झालं. तिच्या नाटकात कोरिंथचे ग्रीक लोक स्कॉट्स बोलतात आणि परकी मीडिया बोलते जपून जुळवलेलं, परदेशी वळणाचं इंग्रजी. वर्षानुवर्षांची रीत पाहिली तर उलट व्हायला हवं होतं, राजवाड्यातले साहेबी इंग्रजीत आणि रानटी बाई स्कॉट्समध्ये. लॉकहेडनं ते फिरवलं, आणि यजमान कितीही घरगुती बोलला तरी बाहेरून आलेल्याला तो कसा बाहेर ठेवतो ते दिसलं. मला हे समजायला कुणी समीक्षक लागला नाही. इथे नवा होतो तेव्हा मेसच्या टेबलावर सगळे हसायचे आणि मी अर्धा क्षण उशिरा हसायचो. माणसं वाईट नव्हती. "तुझी क्वाइन (पोरगी) कशी आहे?" म्हणून आजही तुझी चौकशी करतात. पण माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा व्याकरणशुद्ध होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मीडिया पुढे पोटच्या पोरांना मारते, त्याच्याशी माझा संबंध जोडू नकोस, एवढीच विनंती.

तू मात्र शाळेत डोरिक (इथली ईशान्येकडची स्कॉट्स), बाईंशी इंग्रजी आणि घरात मराठी बोलत वाढलीस. 'सनसेट साँग' कादंबरीतल्या ख्रिसचे दोन तुकडे, मातीतली ख्रिस आणि पुस्तकातली ख्रिस, मला वाचताना परके वाटले नाहीत ते तुझ्यामुळे. त्या कादंबरीचा लेखक आपल्या दक्षिणेच्या रस्त्यावरच्या आर्बथनॉटचा. १९३२ मध्ये ल्यूइस ग्रॅसिक गिबन या नावानं हे लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी जे. लेस्ली मिचेल या आपल्या खऱ्या नावानं 'स्पार्टाकस', रोमन गुलामांच्या बंडाची कादंबरी. चौतिसाव्या वाढदिवसाला सहा दिवस असताना गेला. एकाच माणसाला मेअर्न्सचे (त्याच्या आर्बथनॉटच्या भागातले) शेतकरी आणि रोमचे गुलाम शेजारी शेजारी सुचतात, यात त्याला काही विचित्र वाटलेलं दिसत नाही.

सेंट अँड्र्यूजचे ग्रीकचे प्राध्यापक लॉरिमर यांनी 'नवा करार' थेट ग्रीकमधून स्कॉट्समध्ये आणला. त्यात एका उताऱ्याचा असा पाठ आहे की सगळे स्कॉट्स बोलतात आणि सैतान तेवढा इंग्रजी! ते १९६७ मध्ये वारले. त्यांचे कागद नीट लावून मुलानं १९८३ मध्ये पुस्तक बाहेर काढलं. (घाबरू नकोस, माझ्या कपाटात वेल्डिंगच्या नोंदींशिवाय काही नाही.)

राहिलं तिसरं कारण, खासगी शाळांतली मुलं लॅटिन घेऊनच येतात हे. खरं आहे. इथल्या साध्या सरकारी शाळांत लॅटिन आता क्वचितच शिकवतात, आणि ही असमानता मला चीड आणणारी वाटते. पण त्यासाठी तू विषय सोडायचा, हे मला मान्य नाही. विद्यापीठात लॅटिन शून्यापासून शिकता येतं. तुझ्याकडे दुसरीही शिदोरी आहे. संस्कृतच्या सात विभक्त्या आणि संबोधन आजीनं घोकून घेतलं होतं, 'रामः रामौ रामाः' म्हणत तू घरभर फिरायचीस. विभक्तीची भीती इंग्रजी मुलांना वाटते, तुला का वाटावी? हंटेरियन म्युझियममधल्या, रोमनांनी स्कॉटलंडात बांधलेल्या अँटोनाइन भिंतीच्या शिळा तुझ्या वर्गापासून चालत जाण्यासारख्या आहेत. सम्राटाचं नाव आणि कुठल्या लीजननं (रोमन सैन्याच्या तुकडीनं) किती लांबीची भिंत बांधली, असा मजकूर त्यांवर कोरलेला. कंत्राटदाराच्या बिलासारखा, तेच तेच शब्द, ठरावीक संक्षेप. सुरुवातीला सरावाला याहून बरं काय मिळणार? मी इंजिनिअर असल्यामुळे मला व्हर्जिलपेक्षा त्याच जास्त कळतील.

एक सांगायचं राहिलं. १९११ मध्ये तुझ्या रोजच्या वाटेवरच्या केल्व्हिनग्रोव्ह पार्कात मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून विद्यापीठात स्कॉटिश इतिहास आणि साहित्याचं अध्यासन निघालं, १९१३ मध्ये. १४५१ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वतःच्या देशाच्या साहित्यासाठी एवढं थांबावं लागलं, आणि लॅटिन तिथे पहिल्यापासून होतं. तेव्हा क्लासिक्सवाले कुणी नाक मुरडलं तर बिचकू नकोस, आणि स्कॉटिशवाल्यांनी 'परकं' म्हटलं तरीही नको. ज्या गिल्बर्ट स्कॉटनं तुमची इमारत काढली त्यानंच मुंबईचा राजाबाई टॉवरही काढला, मुंबईत एकदाही पाऊल न टाकता. आजोबा तुमच्या मनोऱ्याचा फोटो बघून "ही तर आमची युनिव्हर्सिटी" म्हणाले होते ते उगाच नव्हे.

फॉर्म भरण्यापूर्वी दोन्ही विभागांच्या बाईंना विचारून घे की प्रबंध बुकॅननवर चालेल का आणि मार्गदर्शक कोण होईल. ते लेखी घे. डब्यात थालीपिठाची भाजणी आहे, ती फ्रीजमध्ये ठेव.

बुकॅननच्या स्तोत्रांची लॅटिन-इंग्रजी आवृत्ती विकत घ्यायला निघालो होतो, किंमत बघून बेत रहित केला. तुमच्या लायब्ररीत असेल. त्यातलं १३७वं, बाबिलोनच्या नदीकाठी बसलेल्या परागंदा लोकांचं, लॅटिनमध्ये जसंच्या तसं लिहून पाठव आणि खाली मराठीत अर्थ लिही. चुकलीस तरी मला कळायचं नाही.

तुझा,
बाबा