ऐकू आलं, म्हणून लिहितोय

चिमणे,

काल रात्री तू आईशी बोलत होतीस तेव्हा फोन स्पीकरवर होता. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. बोलता बोलता तू कूस बदललीस आणि तुझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला ऐकू आला. लगेच हसलीस, "काही नाही गं, उशी सरकली," म्हणालीस. त्यावर आई म्हणाली, "आठव्या महिन्यात होतंच असं, सगळ्यांनाच होतं," आणि तू फोन ठेवलास. ठेवलास कसला, आपटलासच.

आईवर रागावू नकोस. ती नंतर अर्धा तास तशीच बसून होती. मग म्हणाली, "मला जे सांगितलं गेलं, तेच मी तिला सांगितलं." दिवा मालवून झोपली. म्हणजे झोपल्यासारखी पडून राहिली. मीही तसाच.

या विषयावर मी तुझ्याशी बोलायचं म्हणजे अवघडच आहे. समोर असतीस तर गाडीच्या टायरमधली हवा तपासलीस का, एवढंच विचारून उठलो असतो. कागदाचं बरं असतं, त्याला तोंड नसतं.

एकदाच विचारतो, मग पुन्हा विचारणार नाही. डॉक्टरांना सांगितलंस का? नुसतं "कंबर दुखते" असं नाही. कुठे दुखतं, काय करताना दुखतं, रात्री किती वेळा जाग येते, हे सगळं.

विचारायचं कारण, तुझं "ठीक आहे" मला ठाऊक आहे. सायकलवरून पडलीस तेव्हा मनगट मोडलं होतं आणि तू दोन दिवस डाव्या हातानं गृहपाठ लिहीत होतीस. दादानं चहाडी केली म्हणून कळलं. त्या वेळी मी कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरलो होतो, आमची पोर रडत नाही. केवढा फुशारलो होतो! काल रात्रभर तेच वाक्य डोक्यात घोळत होतं.

सकाळी उठून माझा खांदा बघणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांना वाटलं, खांदा पुन्हा धरला. मी खाली बघत म्हटलं, मुलीचं विचारायचंय, चौतिसावा आठवडा चालू आहे. त्यांनी कपाटातून कंबरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा काढून माझ्या हातात दिला. खरं सांगतो, हातात वस्तू आली आणि माझी भीड गेली. चाळीस वर्षं फिटर होतो मी. सांधा दिसला की तो कसा बसलाय, कुठे ताण घेतोय, हे बघितल्याशिवाय हात थांबत नाहीत.

तीन सांधे आहेत. दोन मागे, कंबरेखाली डावीकडे उजवीकडे. तिसरा पुढे, ओटीपोटाच्या खाली, जिथे दोन्ही बाजूंची हाडं समोरासमोर येतात. मध्ये कूर्चेची गादी असते. ती फट एरवी 4 ते 5 मिलिमीटरची आणि गरोदरपणात आणखी 2 ते 3 मिलिमीटरनं वाढते. वाढायलाच हवी, बाळाला वाट द्यायची असते. बाई मिलिमीटरमध्ये बोलायला लागल्या तसा मला धीर आला. फट दहाच्या पुढे गेली तर गोष्ट वेगळी, पण ते क्वचित होतं.

मला समजलं ते असं. हे तिन्ही सांधे मिळून एक कडं आहे. एक जरा जास्त हलायला लागला की उरलेल्या दोघांवर ताण येतो. म्हणून पुढची कळ मांडीत उतरते, मागची पार्श्वभागात जाते आणि आज डावीकडे दुखलं तर उद्या उजवीकडे. एका पायावर भार आला की कडं पिळलं जातं. जिना चढताना, पॅन्टमध्ये पाय घालताना, गाडीतून उतरताना, कूस बदलताना. यातलं निम्मं तू बोलून गेली आहेस, पण "आज जिन्यात वेळच लागला" अशा भाषेत.

रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांधे सैल करतं म्हणून हे होतं, असं तू वाचलं असशील. बाई म्हणाल्या, ते सगळ्याच गरोदर बायकांच्या अंगात असतं आणि सगळ्यांना दुखत नाही, तेव्हा सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. वाढलेलं वजन, बदललेली चाल, सांध्यांची कमीजास्त हालचाल, पूर्वी कंबरेला मार बसला असेल तर तो, असं बरंच मिळून होतं. साधारण पाचांत एकीला हा त्रास होतो. म्हणजे आई म्हणते तसं सगळ्यांनाच नाही होत. (हे तिला मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस.) बाळाला यानं काही इजा होत नाही, हे मी बाईंकडून दोनदा वदवून घेतलं.

याला नाव आहे, पेल्विक गर्डल पेन, म्हणजे कंबरेच्या या कड्याचं दुखणं. नाव असलं की उपाय विचारता येतो. तुझ्या आईला ते नावही कुणी दिलं नव्हतं.

तू पोटात होतीस तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी फिरून आलो की मी पुढे आणि ती मागे. प्रत्येक मजल्यावर ती थांबायची, कठड्याला धरून खाली काहीतरी बघत राहायची. मी वरून म्हणायचो, "काय बघतेस एवढं, चल की." रात्री पलंगाची कड धरून कुशीवर वळायची तेव्हा पलंग कुरकुरायचा, आणि मी एका रविवारी त्याचे सगळे बोल्ट आवळून दिले. पलंगाचे! दोन खात्यांपलीकडच्या मशीनचं बेअरिंग वाजलं तर मला ऐकू यायचं आणि सगळे माझं कौतुक करायचे. काल मी तिला विचारलं, तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय." तू दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत ती भिंतीला हात लावून चालत होती. मी समजत होतो, बाळंतीण बाई, थकवा असेल.

हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता लिहिलंच आहे तर राहू दे.

आता बाईंनी सांगितलेलं सांगतो. वळताना आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, एकमेकांना चिकटवायचे, आणि खांदा, कंबर, गुडघे एकाच वेळी वळवायचे. फळी उलटावी तसं. आधी पाय आणि मग धड असं केलंस की मध्ये पीळ पडतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी हवी, आणि ती घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब. झोपायचं कुशीवरच, उताणं नाही. सातवा महिना सरला की उताणं झोपणं बाळासाठीही बरं नाही. कपडे बसून घालायचे, दोन्ही पाय, रोज, घाई असली तरी. गाडीत आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवलीस तर अलगद फिरता येतं, ही युक्ती मला फार आवडली. जिन्यात एकेक पायरी घ्यायची, चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. एका हातात जड पिशवी नको. पायावर पाय टाकून बसायचं नाही. फरशी पुसायची नाही, पलंग सरकवायचा नाही, वरच्या कप्प्यातलं काढायला स्टुलावर तर मुळीच चढायचं नाही, आणि

झालं. फोरमन बोलायला लागला. माफ कर. तू घर चालवतेस, नोकरी करतेस, आणि मी इथून स्टुलावर चढू नको म्हणून सांगतोय. तुला चिडवायला हे लिहीत नाही. पण स्टुलावर चढू नकोस.

अगदी पडूनही राहू नकोस. थोडं थोडं चालायचं, पावलं लहान टाकायची, दुखायच्या आधी थांबायचं. पाण्यातला व्यायाम चालतो, पण ब्रेस्टस्ट्रोकसारखे पाय फाकवायचे नाहीत. कंबरेचा पट्टा मिळतो, तो फिजिओथेरपिस्टकडूनच मापानं बसवून घे. मला कळतं तेवढ्यावरून सांगतो, चुकीच्या जागी आवळलेला पट्टा नसलेला बरा.

गोळ्यांचं. माझ्या खांद्याची गोळी तुझ्या पर्समध्ये असते, मला माहीत आहे. ती आज फेकून दे. त्यात आयबुप्रोफेन आहे. विसाव्या आठवड्यानंतर त्या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून. त्यासाठी आधी दुखतंय हे त्यांना सांगावं लागेल. मी विचारत नाहीये, नुसतं म्हणतोय.

आता ज्यासाठी रात्रभर जागा होतो ते लिहितो. मशीन रोज खडखडत असलं की माणसाला त्या आवाजाची सवय होते. मग एक दिवस त्याच आवाजाच्या आडून दुसरा आवाज सुरू होतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला भीती वाटते ती तुझ्या सवयीची. कळ ठरावीक अंतरानं यायला लागली, पोट आवळून सुटतंय असं वाटलं, तर सदतीस आठवडे झालेले नसताना ते सांध्याचं दुखणं म्हणून सोडायचं नाही. रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट दगडासारखं कडक होऊन तसंच राहिलं, ताप आला, लघवीला जळजळलं, तर लगेच दवाखाना. डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं तरी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तरी. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तरी. आणि बाळाचं हलणं नेहमीपेक्षा कमी वाटलं तर सकाळ होण्याची वाट बघू नकोस. शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, असं आईनं तुला मागे सांगितलं होतं ना? तसं नसतं. हलण्याची तऱ्हा बदलली तरी ते शेवटपर्यंत हलत राहतं. रात्री दोन वाजता गेलीस आणि सगळं नीट निघालं, तर कुणी हसणार नाही. हसलंच तर मला सांग.

आणखी एक मापाचं काम आहे, ते जावईबुवांना सांग. तू टेकून बसून गुडघे हळूहळू दूर न्यायचे. दुखायला लागायच्या आधी थांबायचं आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर त्यांनी टेपनं मोजायचं. तो आकडा फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बाळंतपणात, विशेषतः पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं तर, तुला दुखणं कळणार नाही आणि पाय त्या मापापलीकडे नेले जातील. तिथल्या नर्सला, डॉक्टरांना आधीच माहीत असलेलं बरं. कुशीवर किंवा गुडघ्या-हातांवर राहूनही बाळंत होता येतं, त्याबद्दल विचार. नुसत्या या दुखण्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही, असं बाई म्हणाल्या.

बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर पुन्हा फिजिओथेरपिस्टकडे जायचं. भिंत धरून चालायचं नाही. एका घरात एकीनं ते केलं, पुरे झालं.

मी कधी म्हटलं नाही, पण गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा दारातून बघत होतो. एवढं पोट घेऊन, एक हात कंबरेवर, कुणाशी तरी ऑफिसचं बोलत तू येत होतीस, समोरच्याला चार गोष्टी ठणकावून सांगत होतीस. मला एवढं छान वाटलं. मग पायरी आली आणि तू बोलता बोलता थांबलीस, मागे वळून काहीतरी बघायला लागलीस. मी बघितलं, तिथे काही नव्हतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी टायरची हवा विचारली.

पलंगाच्या पायांखाली घालायला लाकडी ठोकळे करायला घेतले आहेत, खाच पाडून, म्हणजे सरकणार नाहीत. उंची कळव. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत, तू बसलेली असताना, सेंटिमीटरमध्ये. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जातात का, तेही बघ. तेवढ्यावरून मी काढतो. जावईबुवांना अंदाजानं सांगू देऊ नकोस, ते दोन बोटं इकडे तिकडे करतात. आणि डॉक्टरांना

नाही. म्हटलं होतं, पुन्हा विचारणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आई दोनदा येऊन विचारून गेली, कुणाला लिहिताय. सांगितलं. ती विचारतेय, फोन तिनं करायचा की तू करशील?