द्राक्षबागेतल्या सेन्सरविषयी बाबांस

ब्लायस्वाइक, नेदरलँड्स
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बागेत हवामान केंद्र बसवून देणारा माणूस आला होता आणि वर्षाची फी वेगळी सांगत होता, तर ते घ्यावे की नाही, असे तुम्ही रविवारी विचारलेत. फोनवर मी नुसते ‘बघू’ म्हणालो, कारण उत्तर नीट लिहूनच द्यावे असे वाटले.

मी काम करतो त्या टोमॅटोच्या काचगृहात झाडे मातीत नाहीत, रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या धाग्यांच्या, लाद्यांवर आहेत. त्यांतल्या काही लाद्यांखाली वजनकाटे आहेत, त्यामुळे झाडांनी किती पाणी घेतले ते वजन घटण्यावरून कळते, आणि दिवसभरातल्या उन्हाची बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की पाण्याची पुढची पाळी आपोआप सुरू होते. हे सगळे आकडे इंटरनेटवरून क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकांवर साठतात आणि तिथे मागच्या वर्षांशी ताडून पाहता येतात. मात्र पाण्याचा व्हॉल्व्ह उघडण्याचे काम इथल्याच संगणकाकडे असल्यामुळे इंटरनेट गेले तरी झाडे तहानलेली राहत नाहीत. ठिबकही जोडून देतो असे तो माणूस म्हणाला, तर रेंज गेल्यावर काय होते, हे त्याला आधी विचारा.

याच गावात वागेनिंगन विद्यापीठाने २०१८ मध्ये एक स्पर्धा घेतली होती. पाच संघांनी दूर बसून, सेन्सरचे आकडे पाहून, काकडीचे एकेक छोटे काचगृह चालवायचे होते. नफ्यात इथल्या मुरलेल्या शेतकऱ्यांना एकाच संघाने मागे टाकले; पुढच्या स्पर्धेत, चेरी टोमॅटोवर, पाचही संघ पुढे गेले. तोडणी आणि पाने काढणे तेव्हाही माणसांच्याच हाती होते, हे सांगायला विकणारे बहुधा विसरतात.

मी स्वतः पाहिलेली फजिती अशी की, उन्हाळ्यात कुणीतरी काढलेल्या पानांचा ढीग नेमका वजनकाट्याच्या लादीवर ठेवला. लादी जड भरली, संगणकाला ती ओली वाटली आणि त्याने पाणी रोखले. दुपारी ओळीतून फिरणाऱ्या मुकादमाला शेंडे मलूल दिसले, तेव्हा उलगडा झाला.

आपल्या काळ्या जमिनीत असा घोटाळा भेगांमुळे होईल. जमिनीतली ओल मोजणाऱ्या सेन्सरशेजारी भेग पडून हवा शिरली की तो जमीन आहे त्याहून कोरडी दाखवतो, म्हणून तो ड्रिपरजवळ, पांढऱ्या मुळ्या असतात त्या खोलीवर, माती घट्ट दाबून बसवून घ्या.

आपला खरा फायदा मला पाण्यापेक्षा फवारणीत दिसतो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, कोवळी फूट असताना ढग दिसले की आपण पंप काढतो. पण डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, ढग नव्हे, पानावर टिकलेली ओल लागते. ती किती तास टिकली आणि तेव्हा तापमान किती होते, हे यंत्र मोजते, आणि त्यावरून क्लाउडमधले गणित रोगाचा धोका सांगते. एक-दोन फवारण्या जरी टळल्या तरी खर्च वाचेल आणि माल इकडे रॉटरडॅमला उतरतो तेव्हा रेसिड्यूची, म्हणजे मालावर उरलेल्या औषधाच्या अंशाची, धास्तीही कमी राहील.

म्हणून एकच केंद्र घ्या आणि ते घराच्या गच्चीवर नको, ओढ्याकडच्या खालच्या प्लॉटमध्ये, वेलींच्या पानांच्या उंचीवर लावा, कारण दव तिथेच सर्वांत उशिरा उठते. फी थांबवली तर जुने आकडे आपल्याला मिळतील का, हे लेखी घ्या. आणि दादाला रोज सकाळी त्या प्लॉटमधली पाने हाताने चाचपून, ओल किती वाजता सुकली ते वहीत लिहायला सांगा. फेब्रुवारीत मी आलो की ती वही आणि यंत्राचे आकडे शेजारी ठेवून, पुढच्या वर्षीची फी भरायची की नाही ते ठरवू.

आईस व आजीस नमस्कार.

तुमचा,
सुहास