‘सन’मधला ओ

चि. सोन्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं इंग्रजी पत्र मिळालं. सहीच्या वर तू ‘युअर लव्हिंग सन’ लिहिलंस, पण ओच्या जागी यू पडला आणि मुलाचा सूर्य झाला. ती ओळ मी कितीदा वाचली! खाली ता. क. मध्ये तू वैतागून विचारलं आहेस, की उच्चार एक असताना स्पेलिंगं दोन कशाला, आणि जोड्यांची यादी घोकूनही परीक्षेत नेमकं उलटंच का लिहिलं जातं.

आधी तुझ्या ‘सन’बद्दलच सांगते. जुन्या इंग्रजीत मुलाला ‘सुनु’ म्हणत. संस्कृतात ‘सूनु’ म्हणजे पुत्र. दोघं एकाच घराण्यातले. म्हणजे त्यात मुळात यूच होता. पुढे हाताने ग्रंथ उतरवणाऱ्या लेखनिकांची पंचाईत झाली. त्या काळच्या वळणात यू, एन, एम ही सगळी सारख्याच उभ्या दांड्यांची अक्षरं. शेजारीशेजारी आली की कुठलं कुठे संपतं ते कळेना. म्हणून यूच्या जागी ते गोल ओ काढू लागले. ‘लव्ह’ आणि ‘कम’मधला ओ तसाच आला. सूर्याच्या ‘सन’लाही तेव्हा पुष्कळदा ओ असे, त्याला पुढे यू परत मिळाला, मुलाला मिळाला नाही.

‘नाइट’चं पाहा. रात्रीला के नाही, सरदाराला आहे. एके काळी हा के लोक खरोखर उच्चारत, आणि दोन्ही शब्दांतला जीएच म्हणजे घशातून येणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा आवाज होता. तेव्हा हे दोन शब्द कानालाच वेगळे कळत. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ‘राइट’मधला डब्ल्यूही असाच बोलला जाई. भेटण्याच्या ‘मीट’मधला डबल ई आणि मांसाच्या ‘मीट’मधला ईए हेसुद्धा वेगवेगळे स्वर होते. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला, आणि पुढच्या दोनेक शतकांत छापील स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. त्याच काळात बोलण्यातले स्वर सरकत होते, के गळत होता. जीभ पुढे गेली, अक्षरं कागदावर राहिली.

फूल आणि पीठ यांचे इंग्रजी शब्द तर मुळात एकच. दळलेल्या धान्याचा सगळ्यांत उत्तम भाग, तो त्याचं फूल. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही पिठाला वेगळं स्पेलिंग दिलेलं नाही.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दिन आणि दीन, शिर आणि शीर. बोलताना फरक कितीसा कळतो? पण तू ते कधी चुकत नाहीस, कारण ‘दीन’ म्हटलं की तुला दीनदुबळे, दीनवाणा असे त्याचे सोबती आठवतात.

म्हणून माझं ऐक, जोड्या पाठ करायचं सोडून दे. दोन सारखे शब्द शेजारी ठेवून घोकले की ते डोक्यातही शेजारीच बसतात आणि घाईत एकाच्या जागी दुसरा उठतो. प्रत्येक शब्द त्याच्या नातेवाइकांत नेऊन ठेव. दोनच्या ‘टू’मध्ये डब्ल्यू का? ट्वाइस, ट्विन, ट्वेंटी, बिट्वीन यांच्याकडे बघ, सगळ्यांत दोन आहे आणि सगळ्यांत डब्ल्यूही. ‘माहीत होतं’च्या ‘न्यू’चा के ‘नॉलेज’मध्ये सापडेल. ‘तिथे’चा ‘देअर’ हा ‘हिअर’ आणि ‘व्हेअर’च्या घरातला, तिघांच्या शेवटी ई-आर-ई. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये तर आख्खा कानच आहे. संगणकावर लिहिताना जास्त जप. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे तो पुष्कळदा चूक दाखवतच नाही.

एक मात्र वेगळं. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ या जोड्या इंग्रजीत सारख्या उच्चाराच्या नाहीत. आपण दोन्हीकडे एकच ‘व’ म्हणतो, म्हणून आपल्याला तशा वाटतात. तिथे व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकव आणि डब्ल्यूला ओठ गोल कर, म्हणजे कानच तुला स्पेलिंग सांगेल.

पुढच्या पत्रात तू ओ लिहिशीलच. हे यूचं पत्र मी दुरुस्त केलेलं नाही. आहे तसं घडी घालून माझ्या डायरीत ठेवलं आहे.

तुझी,
आई