शाळेत जाऊ न शकणारी मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की काही घरांत रोज सकाळी गणवेश घालून तयार झालेल्या मुलाच्या पोटात कळ येते, उलटी होते, रडून आकांत होतो. डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नाही आणि रविवारी दुखणे नसते, म्हणून घरचे व शाळा त्याला ‘नाटक’ ठरवून मोकळे होतात. प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवल्यावर मी खात्रीने सांगते, की ही मुले दांडी मारत नसतात. दांडी मारणारे मूल घरच्यांपासून लपवून बाहेर भटकते; हे मूल आईवडिलांच्या डोळ्यांसमोर घरीच असते, पुष्कळदा अभ्यासालाही बसते, पण शाळेच्या फाटकापाशी त्याचे पाऊल पुढे पडत नाही. भीतीने दुखणारे पोट खरोखरच दुखत असते.

या भीतीमागे वर्गातले चिडवणे असेल, घरातले आजारपण असेल किंवा चौथीनंतर बदललेली शाळा असेल. माझ्या अनुभवात मात्र सर्वांत उशिरा लक्षात येते ती अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणे, लिहिणे किंवा गणित जड जाणे. अक्षरे जुळवता न येणाऱ्या मुलाला रोज उभे करून मोठ्याने वाचायला लावले, तर त्याने शाळेला घाबरू नये तर काय करावे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, तरीही तपासणीचा सल्ला मिळेपर्यंत मूल ‘आळशी’ म्हणून वर्गात ओळखले जाऊ लागलेले असते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे आणि कलम 29 मुलाला भय व चिंता यांपासून मुक्त ठेवण्यास सांगते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा, असेही त्यात आहे. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांसाठी केंद्रशाळेच्या (आसपासच्या शाळांच्या गटातील मुख्य शाळेच्या) पातळीवर एक फिरता समुपदेशक नेमला, तर हे सहज साधेल.

तोवर शाळा बरेच काही करू शकतात. मुलाला ओढत वर्गात नेऊन बसवणे जितके घातक, तितकेच त्याला महिनोन्‌महिने घरी ठेवणेही, कारण घरी राहण्याचा काळ वाढतो तसे परतणे अवघड होते. सुरुवातीला दोन तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस, असा क्रम ठरवावा. फाटकावर त्याला घ्यायला रोज एकाच ओळखीच्या बाई किंवा सर असाव्यात. आणि ‘आज कशी काय स्वारी आली?’ असे वर्गासमोर कोणीही विचारू नये. यासाठी वेगळा निधी लागत नाही, मुख्याध्यापकांची परवानगी पुरते. पालकांना 14416 या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक प्रत्येक शाळेने पालकसभेत सांगावा आणि सूचनाफलकावर लावावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा