किनारी महामार्गाचा सुरक्षा आराखडा : बैठकीआधी एवढं करा

सभासद मंडळी,

पुढच्या बैठकीत किनाऱ्यालगतच्या महामार्गाच्या सुरक्षा आराखड्यावर चर्चा आहे. नुसतं 'रस्ता धोकादायक आहे' म्हणून भागत नाही, नेमकी जागा सांगावी लागते. वळणावर वाऱ्याने वाळू साचते, तिथे सायकलचं चाक घसरतं. म्हणून सायकलस्वार कडेची पांढरी पट्टी सोडून आत येतो आणि मागच्या गाडीला ते अपेक्षित नसतं. अशी जागा दिसली की फोटो काढा, किलोमीटरचा दगड आणि वेळ लिहून ठेवा. समुद्राकडे जायला लोक प्रत्यक्षात कुठून रस्ता ओलांडतात तेही पाहा. झेब्रा पट्टे तिथेच हवेत.

वेगमर्यादेचा मुद्दा तर सोडूच नका. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. माझ्या मते सगळ्यात आधी हेच मागावं.

तोवर, पदपथ नसेल तिथे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाला. सायकलला मागे लाल दिवा हवाच. गाडीवाल्यांनी सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावं. समुद्रावरचा आडवा वारा सायकलला एकदम बाजूला ढकलतो.

नोंदी बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत सचिवांकडे द्या.