दुसऱ्या अपिलात उभं राहण्यापूर्वी: मुलीस पत्र

चि. मधुरा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या तिथे बसणाऱ्या न्यायपीठापुढे, अपिलाचं काम करायचं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टातली कामं तिथं चालू लागली. त्यामुळे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात तयार झालेल्या वकिलाला हे काम आता घराजवळ मिळू लागलं आहे. उलटतपास तुला चांगला जमतो. पण सेकंड अपिलात, म्हणजे ट्रायल कोर्ट आणि जिल्हा न्यायालय यांच्यानंतर हायकोर्टात येणाऱ्या दुसऱ्या अपिलात, साक्षीदार नाही, दाव्याची सुरुवातीपासूनची हकिगत ऐकायला कोर्टाला वेळ नाही, आणि खालच्या दोन्ही कोर्टांनी अन्याय केला एवढं सांगून काहीच पदरात पडत नाही. तिथे लागतं ते नेमकं पान आणि नेमका प्रश्न. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मुदत. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध (डिक्रीविरुद्ध) हायकोर्टात यायला ९० दिवस मिळतात. निकालाचा दिवस धरायचा नाही, आणि नक्कल मिळायला लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळायचा. समज, ३ मार्चला निकाल लागला, १० मार्चला नक्कल अर्ज दिला, २८ मार्चला नक्कल तयार झाली. ९० वा दिवस १ जूनला येतो. १० ते २८ मार्च हे १९ दिवस वगळले की शेवटची तारीख २० जून. नक्कल तयार होऊनही अशील ती न्यायला आठ दिवसांनी गेला, तर ते आठ दिवस त्याच्या खाती. अर्ज करण्याआधी हुकूमनामा तयार व्हायला लागलेला वेळही वगळला जात नाही, म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल अर्ज टाकायला सांग. उशीर झालाच तर अपिलासोबत त्याच कायद्याच्या कलम ५ चा, उशीर माफ करण्याचा अर्ज दे. त्यात ‘आजारी होतो’ एवढं मोघम लिहू नकोस. निकाल कधी कळला, नक्कल कधी मागितली, वकील कधी गाठला, पैशाची सोय कधी झाली, असा प्रत्येक टप्पा तारीख आणि कागद घालून दाखव. उशिराच्या अपिलाला आणखी एक फटका बसतो: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसीच्या) ऑर्डर ४१ रूल ३अ प्रमाणे, अपील ऐकून घ्यायचं असं कोर्टानं ठरवेपर्यंत अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही.

आता वाचन. बहुतेक जण आधी निकालपत्र वाचतात. मला ते पटत नाही. निकाल आधी वाचला की पुरावा न्यायाधीशांच्या नजरेनंच दिसू लागतो आणि त्यांच्या नजरेतून निसटलेलं आपल्याही नजरेतून निसटतं. दावा, कैफियत (प्रतिवादीचं उत्तर), काढलेले मुद्दे, सरतपास, उलटतपास, निशाण्या (पुराव्यात क्रमांक पडलेले कागद), मग ट्रायल कोर्टाचा निकाल, पहिल्या अपिलाचा मेमो (अपिलाचा अर्ज) आणि सगळ्यात शेवटी जिल्हा न्यायालयाचा निकाल, या क्रमानं वाच. पहिल्या अपिलाचा मेमो कधीच टाळू नकोस. जो मुद्दा तिथे घेतलाच नाही, तो हायकोर्टात पहिल्यांदा मांडायचा तर तो निव्वळ कायद्याचा हवा आणि त्याला लागणाऱ्या वस्तुस्थिती रेकॉर्डवर आधीच असायला हव्यात. समोरचा वकील सगळ्यात आधी तेच तपासतो.

वाचताना एका आडव्या कागदावर चार रकाने आख: मुद्दा, ट्रायल कोर्टाचा निष्कर्ष आणि परिच्छेद, जिल्हा न्यायालयाचा निष्कर्ष आणि परिच्छेद, आणि त्यावरचा पुरावा निशाणी व पानासकट. हा तक्ता नीट झाला की अर्धं अपील तयार झालं असं समज. दोन्ही कोर्टं कुठे एकमत आहेत आणि कुठे निकाल फिरवला आहे, हे त्यात एका नजरेत दिसतं. जिथे जिल्हा न्यायालयानं निकाल फिरवला असेल, तिथे ट्रायल कोर्टाच्या कारणांना त्यानं हात तरी घातला आहे का, ते बघ. पहिलं अपील न्यायालय वस्तुस्थितीवरचं शेवटचं न्यायालय असतं आणि फिरवताना त्यानं खालच्या कारणांचा समाचार घेतलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं संतोष हजारी प्रकरणात २००१ साली स्पष्ट केलं आहे. ऑर्डर ४१ रूल ३१ प्रमाणे निर्णयाचे मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि कारणं निकालात यावी लागतात. रूल २७ चा जादा पुराव्याचा अर्ज दाखल होता आणि त्याचा निकालच न लावता अपील निकाली काढलं, असंही बऱ्याचदा आढळतं. अशा जागा रकान्यात लाल शाईनं खुणावून ठेव.

प्रश्न काढणं हे या कामाचं मर्म, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर सीपीसीच्या कलम १०० खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकलं जातं; तो मेमोत नेमका मांडायची जबाबदारी आपली, आणि तो निश्चित करायचं काम कोर्टाचं. प्रश्न ‘महत्त्वाचा’ कधी म्हणायचा याची कसोटी अजूनही सुप्रीम कोर्टाच्या १९६२ च्या सर चुनीलाल मेहता निकालातलीच चालते: पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा, आणि अजून पक्का न ठरलेला किंवा दोन मतांना वाव असणारा. कन्करंट फाइंडिंग, म्हणजे दोन्ही कोर्टांचा एकच निष्कर्ष, असेल तर तीन वाटा उरतात. महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही किंवा पुरावाच नसताना निष्कर्ष काढला. सिद्ध गोष्टींवरून कायदा चुकीचा लावून अनुमान काढलं. किंवा शाबितीचा बोजा भलत्याच पक्षावर टाकला.

आता एक उदाहरण घे. बहिणीनं भावांविरुद्ध सरसनिरस वाटपाचा दावा केला. भाऊ म्हणतात, १९८७ सालीच वाटप झालं. निशाणी ४२ ला साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं वाटणीपत्र आणि त्यावरून पुढच्या वर्षी पडलेला फेरफार. दोन्ही कोर्टांनी दावा फेटाळला. नवखा वकील लिहितो: ‘खालच्या न्यायालयांनी पुराव्याचं योग्य मूल्यमापन केलं नाही, हे बरोबर आहे काय?’ हा प्रश्न ॲडमिशनलाच, म्हणजे अपील ऐकायचं की नाही हे ठरवणाऱ्या पहिल्या सुनावणीतच, पडतो, कारण तो वस्तुस्थितीचा आहे आणि त्यात एकाही कागदाचं नाव नाही. त्याऐवजी असं लिही: ‘निशाणी ४२ हा दस्त स्वतःच हक्क निर्माण करणारा असून नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदणी आवश्यक असताना, कलम ४९ ची बाधा दुर्लक्षून केवळ त्याच दस्ताच्या आधारे पूर्वीचं वाटप सिद्ध धरणं कायदेशीर आहे काय?’ या एकाच वाक्यात दस्त, कलम, चूक आणि तिचा परिणाम चारही आले. दुसरा प्रश्न वेगळा काढ: हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६(५) च्या स्पष्टीकरणात ‘वाटप’ म्हणजे नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं वाटप असं असताना, आणि सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला तोंडी वाटपाचा बचाव फक्त अपवाद म्हणून, सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार असेल तरच मानला जाईल असं ठरलं असताना, फेरफारावरून वाटप सिद्ध धरता येतं काय?

पण प्रश्न लिहिण्याआधी निशाणी ४२ चा मूळ मजकूर स्वतः वाच. ‘आज रोजी आम्ही खालीलप्रमाणे वाटप करून घेत आहोत’ असं लिहिलं असेल तर तो हक्क निर्माण करणारा दस्त, आणि तुझा पहिला प्रश्न भक्कम. ‘पूर्वी तोंडी झालेल्या वाटपाची आठवण म्हणून हा लेख’ असं असेल तर समोरचा वकील म्हणेल, ही नुसती नोंद आहे, हिला नोंदणी लागत नाही. मग सारा भर दुसऱ्या प्रश्नावर दे. शिवाय दस्ताला निशाणी पडताना कोणत्या मुद्द्यावर हरकत घेतली होती, ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) आणि साक्षीच्या कागदावर शोध. दस्त शाबीत करण्याच्या पद्धतीवर तेव्हा हरकत घेतली नसेल, तर ती आता घेता येत नाही. मुळात अग्राह्य असलेल्या दस्ताचं तसं नाही, निशाणी पडली म्हणून तो ग्राह्य होत नाही. मुद्रांकाचं मात्र वेगळं: एकदा दस्त पुराव्यात आला की महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे त्या कारणावरून पुढे वाद घालता येत नाही. हे तीन आक्षेप एकत्र गुंफून मांडले की चांगला मुद्दाही वाया जातो.

प्रश्न दोन, फार तर तीन ठेव. बारा प्रश्न लिहिलेस तर वाचणाऱ्याला वाटतं, हिलाच आपला मुद्दा सापडलेला नाही. ग्राउंड्स (अपिलाची कारणं) क्रमांकानं, थोडक्यात, हकिगत आणि युक्तिवाद न घालता लिही. ऑर्डर ४१ रूल १ ला तेच अभिप्रेत आहे.

ॲडमिशनच्या दिवशी तुला काही मिनिटंच मिळतात. पहिल्या वाक्यात दावा कशाचा, दुसऱ्यात दोन्ही कोर्टांचा निकाल, तिसऱ्यात तुझा प्रश्न, चौथ्यात पानाचा क्रमांक. न्यायमूर्ती पान उघडून वाचत असतील तेव्हा गप्प राहा. ‘कन्करंट आहे ना?’ असं विचारलं तर आधी ‘होय’ म्हण आणि मग तिन्हींपैकी तुझी वाट कोणती ते सांग. ‘त्या मुद्द्यावर मी नंतर येते’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस. विचारलं तेव्हाच उत्तर दे, मग आपल्या जागी परत ये. उलटतपासात अशिलाची एखादी घातक कबुली असेल तर ती तूच आधी दाखव आणि ती असूनही प्रश्न का उरतो ते सांग. समोरच्यानं ती काढून दाखवली की पुढचं तुझं एकही वाक्य कोर्ट पूर्वीच्या विश्वासानं ऐकत नाही. निवाडे तीनपेक्षा जास्त नेऊ नकोस, प्रत्येकाचा परिच्छेद खुणावलेला असू दे, आणि विरुद्ध जाणारा निवाडा ठाऊक असेल तर तो लपवू नकोस.

याचा सराव घरी होतो. बरोबरीच्या दोघांना बसव. एकानं न्यायमूर्ती व्हायचं आणि पहिल्याच मिनिटाला तुला अडवायचं, दुसऱ्यानं फक्त पानांचे क्रमांक तपासायचे. तेच अपील लगेच उत्तरवादीच्या, म्हणजे समोरच्या पक्षाच्या, बाजूनं चालव. एका मिनिटात, मग तीन मिनिटांत, मग दहा मिनिटांत मांड. एका मिनिटात जे टिकलं, तोच तुझा खरा मुद्दा. आपलं काम नसेल त्या दिवशीही ॲडमिशनच्या बोर्डाला बस आणि कोणत्या प्रश्नावर अपील पडलं ते वहीत टिपत जा.

स्थगितीचा अर्ज वेगळा आणि तयार ठेव. नुसतं अपील दाखल केल्यानं अंमलबजावणी थांबत नाही. मोठं नुकसान होईल, अर्ज विनाविलंब केला आहे आणि तारण द्यायची तयारी आहे, या तिन्ही गोष्टी शपथपत्रात हव्यात. वाटपाच्या प्राथमिक (फक्त हिस्से ठरवणाऱ्या) हुकूमनाम्यात शेतजमिनीचं काम सीपीसीच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. ते कोणत्या टप्प्यावर आहे ते अशिलाला विचार, नाहीतर मोजणी होऊन कब्जा गेल्यावर तू स्थगिती मागत बसशील. उलट तू उत्तरवादीकडून असशील तर तुला कळवल्याशिवाय हुकूम होऊ नये म्हणून निकाल लागल्याबरोबर कलम १४८अ चं कॅव्हेट टाक. ते ९० दिवस चालतं. तारीख डायरीत लिहून ठेव आणि अपील तोवर आलं नसेल तर नवं टाक.

तुझ्या पहिल्यावहिल्या सेकंड अपिलाचा मसुदा करशील तेव्हा आधी फक्त प्रश्न आणि चार रकान्यांचा तक्ता मला पाठव. ग्राउंड्स मी त्यानंतरच वाचेन.

तुझी,
आई