साक्ष द्यायला आलेल्या पोरीला व्हरांड्यात बसवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

साक्षीदार फितूर झाला आणि आरोपी सुटला अशा बातम्या पेपरात सारख्या येतात आणि लोक लगेच म्हणतात पैसे खाल्ले असणार, दबाव आला असणार. असेलही. पण मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत २९ वर्षं शिकवलंय आणि त्यातल्या तीन मुलींबरोबर दुभाषी म्हणून कोर्टात उभी राहिलेय, म्हणून सांगते, साक्षीदार पिंजऱ्यात जायच्या आधीच मोडतो, बाहेरच्या व्हरांड्यात.

पहिली मुलगी १३ वर्षांची होती. समन्स सकाळचं, आम्ही सव्वादहालाच पोचलो, ती, तिची आई आणि मी एका बाकावर, आणि समोरच्या बाकावर आरोपी, जामिनावर सुटलेला, बरोबर त्याचे भाऊ आणि घरातल्या दोन बायका. मध्ये जेमतेम सहा-सात फूट. ज्या मुलाला ऐकू येत नाही ते डोळ्यांनी जगतं, त्याला तोंड फिरवून बसता येत नाही कारण आजूबाजूला काय चाललंय ते बघूनच कळतं. त्यामुळे ती पोरगी चार तास त्या माणसाकडे बघत बसली. तो काही बोलला नाही, काही खुणा केल्या नाहीत, नुसता बसून होता. अडीचच्या सुमारास पुकारा झाला, तो काही तिला ऐकू आला नाही, मी हाताला धरून उठवलं तर तिचा फ्रॉक ओला झालेला. त्या दिवशी साक्ष झाली नाही. तारीख पडली. नंतर अजून दोनदा तसंच, एकदा वकील आले नाहीत आणि एकदा वेळच उरला नाही.

कायद्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दलच्या कायद्यात, सगळं लिहिलंय, मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही, साक्ष देताना त्याला आरोपी दिसता कामा नये, वकिलांनी मुलाला थेट न विचारता प्रश्न जजसाहेबांकडे द्यायचे आणि त्यांनी विचारायचे, मधे मधे विश्रांती द्यायची, विश्वासातलं माणूस शेजारी बसू द्यायचं. कोर्टाने केस दाखल करून घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असंही त्यात आहे. आमची मुलगी पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढली तेव्हा घटनेला दोन वर्षं होऊन गेली होती.

आणि हे फक्त मुलांपुरतं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आपल्या महाराष्ट्रातलीच केस होती, मुलगी बोलू-ऐकू न शकणारी आणि समजही थोडी कमी असलेली, खटल्यात तिची साक्ष झालीच नव्हती आणि हायकोर्टाने आरोपीला सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साक्ष झाली नाही एवढ्यावरून सोडता येणार नाही, आणि त्याच निकालात प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत अशा, म्हणजे असुरक्षित साक्षीदारांची साक्ष घ्यायला निदान दोन वेगळी केंद्रं करायला सांगितली. २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करताना तर हे प्रत्येक जिल्हा कोर्टात करा आणि एका वर्षात करा असं म्हटलं. २०२२ मध्ये पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात असुरक्षित साक्षीदार कोणाला म्हणायचं त्याची व्याख्या वाढवली, त्यात आता लैंगिक अत्याचाराचे कुठल्याही वयाचे बळी आहेत, मानसिक आजार असलेले आहेत, बोलण्या-ऐकण्याची अडचण असलेले आहेत आणि ज्यांच्या जीवाला धोका आहे असे साक्षीदार पण आहेत. दिल्लीत कडकडडूमा कोर्टात असं केंद्र २०१२ पासून आहे. वेगळं दार, वेगळी बसायची खोली, आरोपी समोर न येता साक्ष. म्हणजे हे होऊ शकतं.

पण खोली बांधली की झालं असं नाही, आत काय होतं तेही बघा. आपल्याकडे उलटतपासणीची एक ठरलेली भाषा आहे. "तू त्या दिवशी शेतात गेली नव्हतीस हे म्हणणे खरे नाही काय?" आता हे मोठ्या शिकलेल्या माणसाला पण दोनदा वाचावं लागेल, हो म्हटलं तर नक्की कशाला हो? आमच्या मुलांच्या खुणांच्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, तिथे दोन नकार एकावर एक घातले की मूल गोंधळतं आणि भीतीने मान हलवतं. त्या मानेचा अर्थ स्टेनो एका ओळीत टाईप करतो आणि वर्षभराने तीच ओळ वाचून म्हणतात बघा, साक्षीत विसंगती आहे! अहो विसंगती प्रश्नात होती. जी व्यक्ती बोलू शकत नाही तिची खुणांनी दिलेली साक्ष दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायची आणि तिचं व्हिडिओ शूटिंग करायचं असं कायद्यात २०१३ पासून आहे, नव्या साक्ष कायद्यातही आहे. माझ्या तीनपैकी एकाच वेळी कॅमेरा लावला होता. बाकी दोघींच्या खुणा हवेत गेल्या, कागदावर राहिलं ते माझं मराठी, आणि माझं चुकलं असेल तर ते तपासायचं कशावरून?

तिसऱ्या वेळचं मात्र आवर्जून सांगते. तिथे बाई जज होत्या, त्यांनी आदल्या दिवशी सगळे गेल्यावर आम्हाला बोलवून रिकामं कोर्ट दाखवलं, मी इथे बसते, तू इथे बसायचंस, पाणी इथे ठेवलेलं असेल. मुलीने त्यांच्या खुर्चीत पण बसून बघितलं. साक्षीच्या दिवशी आरोपी पडद्यामागे, तिला आणलं मागच्या दाराने, प्रश्न बाईंनी स्वतः सोपे करून विचारले, "तू कुठे होतीस?", "मग काय झालं?", आणि पोरीने चित्र काढून, खुणा करून पाऊण तासात सगळं नीट सांगितलं. ज्यादा खर्च झाला तो फक्त एका पडद्याचा.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. जिथे केंद्र झालंय तिथे ते साक्षीच्या दिवशी खरंच उघडा, जिथे नाही तिथे होईपर्यंत निदान एक खोली त्या दिवसापुरती रिकामी करून द्या. तारखेच्या आधी एकदा कोर्ट दाखवा. आणि प्रत्येक जिल्ह्यात दुभाष्यांची आणि विशेष शिक्षकांची यादी तयार ठेवा, कारण आत्ता ऐनवेळी पोलीस शाळेत फोन करतात आणि जी शिक्षिका मोकळी असेल तिला गाडीत घालून नेतात, तिला केस काय आहे ते सुद्धा माहीत नसतं. अशा यादीसाठी मी गेल्या वर्षी लेखी अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. मी ६४ वर्षांची आहे, एसटीने येईन, भत्ता नको. फक्त दोन दिवस आधी कळवा म्हणजे त्या मुलीच्या घरच्या खुणा मला शिकून घेता येतील.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका
(नाव कृपया छापू नये, मुलींची ओळख त्यावरून कळू शकते)